शालेय व युवा क्रीडा सामन्यांचे थेट प्रक्षेपण

शालेय, महाविद्यालयीन व वयोगट स्पर्धांमधील सामने स्मार्टफोन किंवा बाह्य कॅमेऱ्याच्या साहाय्याने आंतरजालावरून थेट दाखवण्याची पद्धत २०१० च्या दशकापासून रूढ झाली. दूरचित्रवाणी वाहिनीची यंत्रणा नसतानाही पालक, प्रशिक्षक किंवा आयोजक असे प्रक्षेपण करू शकतात. त्यामुळे दुर्लक्षित राहणारे सामने प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागले. मात्र यातील बहुसंख्य खेळाडू १८ वर्षांखालील असल्याने संमती, गोपनीयता व सुरक्षितता हे प्रश्नही निर्माण झाले आहेत.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड स्पर्धेत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या काळी शालेय सामन्यांच्या प्रक्षेपणाची सोय नव्हती; ही कामगिरी गुणलेखकाच्या वहीतून व वृत्तपत्रांतून लोकांना कळली.

अमेरिकेत शालेय सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी २०१३ मध्ये एनएफएचएस नेटवर्क ही सशुल्क सेवा सुरू झाली. भारतात २०१६ मध्ये जिओची सेवा आल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये यूट्यूबने १०,००० हून अधिक सदस्य असलेल्या वाहिन्यांना फोनवरून थेट प्रक्षेपणाची मुभा दिली. पुढे ही अट ५० सदस्यांपर्यंत शिथिल झाली. २०२० मधील कोविड-१९ साथीत मैदानावर प्रेक्षकांना बंदी असल्याने या पद्धतीचा वापर वाढला. महाराष्ट्रात स्थानिक कबड्डी व टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे सामने यूट्यूबवर दाखवले जातात.

साधने व कार्यपद्धती

सर्वांत सोप्या पद्धतीत तिपाईवर बसवलेला एक फोन पुरतो. फोनच्या लहान भिंगामुळे दूरवरचा चेंडू स्पष्ट दिसत नाही, उन्हात फोन तापून बंद पडू शकतो आणि जवळ उभ्या असलेल्यांचे खासगी बोलणेही प्रक्षेपित होते. बाह्य कॅमेरा वापरल्यास त्याचे चित्र कॅप्चर कार्डमधून संगणकात घेतले जाते आणि ओबीएस स्टुडिओसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमधून धावफलकासह पुढे पाठवले जाते.

खरी मर्यादा बहुधा कॅमेऱ्याची नसून डेटा पाठवण्याच्या वेगाची असते. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने तासाला सुमारे १.८ गिगाबाइट डेटा लागतो. म्हणजे ९० मिनिटांच्या फुटबॉल सामन्याला २.७ गिगाबाइट, तर सात तासांच्या क्रिकेट सामन्याला १२.६ गिगाबाइट डेटा खर्च होतो. दिवसाला दीड-दोन गिगाबाइट देणाऱ्या योजनेत हे बसत नाही.

इस्राएलची पिक्सेलॉट व डेन्मार्कची व्हिओ या कंपन्यांचे कॅमेरे एकाहून अधिक भिंगांनी संपूर्ण मैदान टिपतात आणि त्यांचे सॉफ्टवेअर चेंडूचा माग घेते. ही यंत्रणा निर्दोष नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधील एका व्यावसायिक फुटबॉल सामन्यात असा कॅमेरा चेंडूऐवजी सीमापंचाच्या टकलाचा पाठलाग करत राहिला.

उपयोग

नोकरीमुळे मैदानावर येऊ न शकणारे पालक आणि परगावचे नातेवाईक सामना पाहू शकतात. प्रशिक्षकांना चुकांचा अभ्यास करता येतो. मोठ्या शहरांतील निवड चाचण्यांपासून दूर असलेल्या खेळाडूला आपल्या खेळाचा पुरावा दाखवता येतो. स्थानिक प्रायोजकांच्या जाहिरातींतून स्पर्धेचा काही खर्चही निघतो.

संमती व गोपनीयता

फुटबॉलच्या एका सामन्यात एकाच वेळी २२ खेळाडू मैदानात असतात. चित्रण करणारा पालक आपल्या मुलासाठी संमती देऊ शकतो, उरलेल्या २१ जणांसाठी नाही. संमती व्यक्तिगत आणि चित्रचौकट मात्र सामुदायिक, ही या विषयातील मूळ अडचण आहे. एखाद्या मुलाचा ठावठिकाणा कौटुंबिक वादामुळे गुप्त ठेवणे आवश्यक असेल, तर शाळेचे नाव, मैदान आणि सामन्याची वेळ एवढी माहितीही धोकादायक ठरते.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते आणि बालकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मात्र एका पालकाने इतर मुलांचे चित्रण सार्वजनिक वाहिनीवर दाखवल्यास तो वापर घरगुती मानावा का, हा प्रश्न उरतो.

मुलांच्या साध्या चित्रफितींखाली आक्षेपार्ह अभिप्राय आढळल्यानंतर यूट्यूबने फेब्रुवारी २०१९ मध्ये अशा बहुतेक चित्रफितींवरील अभिप्राय बंद केले. जुलै २०२५ पासून थेट प्रक्षेपण करणाऱ्याचे किमान वय १३ वरून १६ वर्षे करण्यात आले. हा नियम प्रक्षेपण करणाऱ्यासाठी आहे. मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या संमतीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

सट्टेबाजीचा धोका

जुलै २०२२ मध्ये गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात शेतमजूर व बेरोजगार तरुणांना खेळाडू म्हणून उभे करून एक बनावट क्रिकेट लीग यूट्यूबवर दाखवली जात असल्याचे उघड झाले. तिच्यावर रशियातील लोक पैसे लावत होते. सामना कितीही छोटा असला तरी थेट चित्र उपलब्ध होताच त्यावर सट्टा लावता येतो, हे या प्रकरणातून दिसले. ज्या वयोगट स्पर्धांवर कोणतेही नियंत्रण नाही, तेथे हा धोका मुलांपर्यंत पोहोचू शकतो.

उपाय व मर्यादा

प्रवेश अर्जातच चित्रणासाठी पालकांची लेखी संमती घेणे, पडद्यावर मुलांची पूर्ण नावे न देणे, अभिप्राय बंद ठेवणे आणि ठरावीक मुदतीनंतर चित्रफीत काढून टाकणे हे उपाय आयोजकांना करता येतात. यूट्यूबवरील असूचीबद्ध प्रक्षेपण शोधात दिसत नाही, पण दुवा मिळालेला कोणीही ते पाहू शकतो व दुवा पुढे पाठवू शकतो; केवळ निमंत्रितांसाठीचे खासगी प्रक्षेपण त्याहून सुरक्षित असते. संमती नाकारणाऱ्या मुलाला संघाबाहेर ठेवले गेल्यास मात्र ती संमती ऐच्छिक राहत नाही. अशा वेळी सामना खेळवून प्रक्षेपण थांबवणे हा पर्याय आयोजकांपुढे असतो.