षष्ठी विभक्ती आणि भ्रमणध्वनी

‘माझा फोन’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या षष्ठीने स्वस्वामिभाव व्यक्त होतो. परंतु आमच्या नातवाने परवा आपल्या जुन्या फोनात नवी प्रणाली घालावयाचे मनात आणिले, तो निर्मात्याने आरंभीच्या आज्ञावलीस, म्हणजे बूटलोडरास, कुलूप घातलेले! कित्येक कंपन्या मागितल्यास किल्ली देतात, कित्येक मुळीच देत नाहीत. मोल आपण द्यावे आणि किल्ली दुसऱ्याने ठेवावी, हे स्वामित्व कसले?

आपल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयातील चरखे पाहताना हाच विचार मनात येतो. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा, अशी त्यात एक अट होती. यंत्र वापरणाराच्या आटोक्यात राहावे, हाच तिचा आशय.

तथापि कुलूप निष्कारण नसते. त्याने चोराचाही हात अडतो. ते उघडताना फोनातील सर्व मजकूर पुसला जातो, हमी जाण्याचा संभव असतो, आणि बँकेचे व्यवहार पुढे त्यावर चालतीलच असे नाही. यास्तव नित्य व्यवहाराच्या फोनास हात लावू नये. निर्मात्याने सुधारणा देणे थांबविल्यामुळे जो अडगळीत पडला, त्यावर मुलांस हा उद्योग खुशाल करू द्यावा. छायाचित्रे तेवढी आधी अन्यत्र उतरवून घ्यावी. आम्ही नातवास याच अटीवर अनुमती दिली आहे.