पुस्तक आपले, यंत्र कोणाचे?

साहित्याचा तास संपवून वर्गाबाहेर पडावे तर हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, ई-रीडर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात दोन-तीन नावे आधीच असतात. पडदा किती इंचांचा, बॅटरी किती आठवडे चालते, पाण्यात पडला तर काय होते, ही माहितीही त्याने जमवलेली असते. मी उलट विचारतो, तुझ्याकडे वाचायला आहे काय? मराठीच्या विद्यार्थ्याकडून याचे उत्तर बहुधा असे येते : इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवून घेतलेल्या जुन्या ग्रंथांच्या पानांची छायाचित्रे, ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणची विनामूल्य पुस्तके, मार्गदर्शकांनी दिलेले लेख, कोणाच्या तरी प्रबंधाची सीडीवरून आलेली प्रत आणि स्वतःची टिपणे. विकत घेतलेली ई-पुस्तके असलीच तर चार-सहा. जाहिराती मात्र या चार-सहा पुस्तकांविषयीच बोलत असतात. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने वाचनयंत्राची परीक्षा उरलेल्या पुस्तकांवरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या छायाचित्रांविषयी, कारण आपला सर्वात मोठा साठा तोच आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांची चित्रे असतात. त्यामुळे 'अक्षर मोठे करा' ही वाचनयंत्राची सर्वात कौतुकाची सोय तिथे निरुपयोगी ठरते. मोठे होते ते पान, आणि मग ते डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. इथे थोडे गणित करणे भाग आहे. आपले नेहमीचे डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. त्याचा कर्ण साधारण १०.१ इंच भरतो, आणि यंत्राच्या पडद्याचे माप कर्णातच सांगतात. म्हणजे १०.३ इंचांच्या पडद्यावर डेमीचे पान जवळजवळ मूळ आकारात मावते. समास कापून टाकले तर छापील मजकूर सुमारे चार बाय पावणेसात इंचांचा उरतो, तो ७.८ इंची पडद्यावर थोडासाच लहान होऊन बसतो. सहा इंची पडदा मात्र जेमतेम ३.६ बाय ४.८ इंचांचा. तिथे पूर्ण पान बसवायचे तर अक्षर सत्तर टक्क्यांवर येते. रोमन लिपीला एवढा संकोच एक वेळ सोसतो. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली इतका संसार मांडलेला असतो, की पहिला बळी अनुस्वाराचा जातो आणि दुसरा ऱ्हस्व-दीर्घाचा. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, जिथे मुळातच शाई फुटलेली असते, तिथे तर काना आणि डाग यांतला फरक तर्कानेच ठरवावा लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीने हौसेने सहा इंची यंत्र घेतले आणि महिन्याभरात ती पुन्हा संगणकावर वाचू लागली. दोष यंत्राचा नव्हता. ते कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी होते; तिला जुन्या मासिकांचे अंक वाचायचे होते.

यावर उपाय आहेत. केओरीडर या मुक्तस्रोत वाचनप्रणालीत चित्रातील ओळी कापून पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा रचण्याची सोय आहे. इंग्रजी पानावर ती छान चालते. देवनागरीत कधी एखादी वेलांटी वरच्या ओळीला चिकटते. टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख प्रणालीलाही मराठी येते, आणि स्वच्छ छपाईवर तिचे काम आश्चर्य वाटावे इतके चांगले असते. परंतु संहिता म्हणून जिचा आधार घ्यायचा ती प्रत यंत्राने ओळखलेली आणि कोणी न तपासलेली असावी, हे मला तरी पटत नाही. मी दोन्ही ठेवतो : वाचायला टंकित मजकूर, पृष्ठांक द्यायला स्कॅन. अक्षर लहानमोठे करता येणाऱ्या पुस्तकाला छापील अर्थाने पान नसते, आणि तळटीपेत 'बावन्न टक्क्यांवर' असा संदर्भ देणारे निबंध मी तपासलेले आहेत. असो.

दुसरी अडचण अधिक घरगुती आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात आपण जे मराठी टंकले, ते बहुतेक वेगवेगळ्या खासगी टंकांत. तो मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. रोमन चिन्हांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले होते. टंक नाही तर मुखवटा नाही, आणि समोर उरते ती निरर्थक चिन्हांची रांगोळी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले आणि ते इतरांना वाचता यायला इतिहासाचार्य राजवाड्यांसारखा माणूस यावा लागला. त्यांच्या संकेतामागे हेतू तरी होता. आपण आपलेच प्रबंध अजाणता कुलूपबंद करून ठेवले. अशा फाइली यंत्रावर चढवण्याआधी संगणकावर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. त्यासाठी परिवर्तक मिळतात. जोडाक्षरे नंतर डोळ्यांनीच तपासावी लागतात.

युनिकोड मजकूरही प्रत्येक यंत्र नीट दाखवील असे नाही. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी, निदान परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, एक पानभर मजकुराची फाइल त्यावर चढवून पाहावी. 'दऱ्याखोऱ्यांतले वारे', 'उद्ध्वस्त', 'शृंगार', 'वाङ्मय', 'कर्त्यांच्या' असे शब्द तिच्यात असावेत, आणि 'ॲरिस्टॉटल' अवश्य असावा. त्यातले 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्याआधीच्या टंकांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. ऱ्याचा अर्धचंद्र हरवून तिथे रफार आला, तर यंत्राला हिंदी येते, मराठी येत नाही असे समजावे. स्वतःचा टंक चढवू देणारे यंत्र असेल तर यातले पुष्कळसे प्रश्न सुटतात. 'मुक्त' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' हे टंक विनामूल्य आहेत. कोबोच्या यंत्रांत त्यासाठी 'फॉन्ट्स' नावाचा कप्पा करून टंक त्यात ठेवायचा असतो. किंडलमध्येही २०१८पासून तशी सोय आहे. मात्र टंक चांगला असूनही जोडाक्षरे मोडतात असे दिसले, तर दोष वाचनप्रणालीचा असतो आणि तो टंक बदलून जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. किंडलची यंत्रे उत्तम असतात, यात वाद नाही. मराठी पुस्तके त्यांच्या दुकानात २०१६च्या अखेरीपासून अधिकृतपणे मिळू लागली, हेही चांगलेच झाले. पण त्या दुकानाने जुलै २००९ मध्ये विकलेली पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परत काढून घेतली होती. विक्रेत्याला हक्कच नव्हते असे कारण होते आणि पैसेही परत दिले गेले. योगायोग असा, की त्या पुस्तकांत ऑर्वेलचे '१९८४' होते. कंपनीने नंतर माफी मागितली. पुढे २६ फेब्रुवारी २०२५ पासून, विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात नेण्याची सोयही बंद झाली. स्वतःच्या फाइली केबलने चढवता येतात, आणि २०२२पासून ईपब फाइल पाठवली तर ती रूपांतर होऊन यंत्रात येते. म्हणजे आपले पुस्तक आत जाते; दुकानाचे पुस्तक बाहेर येत नाही.

साहित्याच्या माणसाने याची चिंता का करावी, हे फेब्रुवारी २०२३ मधल्या एका घटनेवरून कळते. रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत प्रकाशकाने शब्द बदलले. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. परंतु पूर्वी विकत घेतलेल्या ई-प्रतींतही बदललेला मजकूर आपोआप आल्याचे वृत्त लंडनच्या 'द टाइम्स'ने दिले होते. छापील पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली म्हणून आपल्या कपाटातली जुनी प्रत बदलत नाही, आणि पाठचिकित्सेची सारी इमारत एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'ची संहिता शुद्ध केली, ती त्यांच्यासमोर निरनिराळ्या प्रती होत्या म्हणून. अशुद्ध प्रतीसुद्धा त्यांना उपयोगी होत्या. चूक कुठे शिरली ते त्यांच्यामुळेच कळते. सगळ्या प्रती एकाच रात्री एकसारख्या दुरुस्त होत असत्या तर शोधायला काय उरले असते?

म्हणून माझी पसंती सांगतो. ईपब आणि पीडीएफ थेट वाचणारे, संगणकाला जोडताच साध्या कप्प्यासारखे उघडणारे आणि लिहिलेल्या टिपा मजकुराच्या रूपात परत देणारे यंत्र घ्यावे. कोबो व पॉकेटबुक या जातीची आहेत. अँड्रॉइडवर चालणारी बूक्ससारखी यंत्रे अधिक लवचीक, पण थोडी टॅब्लेटच्या वळणावर जाणारी. किंडल आधीच घरात असेल तर नवे घेण्याचे कारण नाही. त्यातल्या टिपा साध्या मजकूर-फाइलीत साठतात, ही त्याची न गाजलेली चांगली बाजू. कोणतेही यंत्र घेतले तरी ग्रंथसंग्रह संगणकावर कॅलिबर या मोफत प्रणालीत ठेवावा आणि यंत्राला त्याची एक खिडकी मानावे. मोठ्या पडद्याला लहानाच्या दुप्पट-तिप्पट किंमत पडते, हे खरे. पण महाविद्यालयाच्या मराठी विभागाने असे एक यंत्र सामाईक घ्यायला काय हरकत आहे? तेवढ्या पैशांत आपण पुष्कळदा कोणीही न उघडणारे संच घेतो.

'स्वतःची पुस्तके' या शब्दांचा सोयीस्कर अर्थही होतो, म्हणून स्पष्ट बोललेले बरे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखनाधिकार राहतो. १९५६ मध्ये गेलेल्या मर्ढेकरांचे लेखन २०१७च्या आरंभापासून सर्वांचे झाले. गडकरी, केशवसुत, ह. ना. आपटे केव्हाचेच मुक्त आहेत. खासगी अभ्यासासाठीच्या रास्त वापराला १९५७च्या कायद्याचे ५२वे कलम मुभा देते, आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलमही कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असेल तरच शिक्षा सांगते. हा अवकाश पुरेसा आहे. हयात कवीचा संग्रह समूहांतून फिरणाऱ्या पीडीएफमध्ये वाचायचा आणि परिसंवादात मराठी ग्रंथव्यवहाराच्या दुरवस्थेवर बोलायचे, हे मात्र शोभत नाही.

कवितेपाशी आले की माझे सगळे तर्क थोडे डळमळतात. अक्षर मोठे केले की ओळ मोडते, आणि यंत्राला कवीने मोडलेली ओळ व पडद्याने मोडलेली ओळ यांतला फरक कळत नाही. ओवीचा चौथा चरण मुळात आखूड. तो कुठे संपला आणि तिसऱ्याची शेपटी कुठे खाली आली, हे कानाने ठरवावे लागते. मुक्तछंदाला तर तो आधारही नाही. फाइल स्वतः तयार केलेली असेल तर खाली आलेल्या तुकड्याला आत सरकवून ठेवता येते. गेल्या सुट्टीत मी काही अभंगांना तसे केले. एका गाथेला दोन आठवडे गेले, आणि ती अजून अर्धीही झालेली नाही.