थंड बाजूची गोष्ट

उष्णता इंजिन वर्गात दाखवायचं म्हटलं की बहुतेक एकच प्रयोग होतो. चंबूत पाणी उकळायचं, नळीतून येणारी वाफ कागदी चक्रावर सोडायची. चक्र फिरतं, मुलं खूश. प्रयोग छानच आहे, पण माझं मत विचाराल तर त्यात अर्धीच गोष्ट सांगून होते. "आग लावली की चाक फिरतं" एवढंच घेऊन मुलं घरी जातात.

उरलेली अर्धी गोष्ट थंड बाजूची. त्यासाठी गरम चहाच्या कपावर चालणारं छोटं स्टर्लिंग इंजिन आणावं. खाली-वर दोन तबकड्या, मध्ये कोंडलेली हवा आणि एक हलकं चाक. कपावर ठेवून चाकाला जरा ढकललं की ते फिरत राहतं. यात मुलांना फारसं नवल नाही, खाली गरम आहे ना! आता ते बर्फाच्या वाटीवर ठेवायचं आणि आधी विचारायचं, काय होईल? "बंद पडेल" म्हणणारे बरेच निघतील. पण चाक फिरतं, आणि तेही उलट्या दिशेनं!

नुसती उष्णता पुरत नाही, तापमानात फरक हवा, हे सादी कार्नोनं १८२४ साली मांडलं. हिशोब फळ्यावर दोन ओळींचा. चहा ८० अंश, खोली ३० अंश, म्हणजे ३५३ आणि ३०३ केल्विन. फरक ५०, भागिले ३५३, सुमारे १४ टक्के. इंजिन कितीही उत्तम बनवा, १०० ज्यूल उष्णतेतून १४ ज्यूलच्या वर काम मिळणार नाही. बाकीची उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही हो. २०१३च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळशावर चालणाऱ्या केंद्राला एवढं पाणी कशाला? मुख्यतः टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करायला. तिथल्या रुंद मनोऱ्यांतून निघणारे पांढरे ढग बघून आपण "केवढा धूर!" म्हणतो. तो धूर नसतोच, थंड बाजूला सोडलेल्या उष्णतेबरोबर वर जाणारी पाण्याची वाफ असते.

वीज आणि पाणी यांचं हे नातं ज्या मुलांना कळेल, ती उद्या दुष्काळाची बातमी वेगळ्या नजरेनं वाचतील. म्हणून शिक्षक मंडळींना एवढंच सांगणं, वर्गात बर्नर नेता तसा बर्फही न्या.