मुक्काम श्रीवर्धन

आम्हा मुळशीकरांच्या दारावरून, जलाशयाला वळसा घालीत ताम्हिणी घाट उतरणारा पुणेकर माणगाव-म्हसळ्यामार्गे श्रीवर्धनास पोहोचतो, किनाऱ्यावर छायाचित्रे काढतो, सुरमईचे ताट संपवतो आणि अंधारापूर्वी घाट गाठण्याच्या लगबगीत परततो, यास प्रवास म्हणण्याची माझी तरी तयारी नाही. ज्या भट घराण्याकडे या गावची देशमुखी होती, ज्यातील बाळाजी विश्वनाथ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे देशावर आले आणि १७१३ साली पेशवेपदी आरूढ झाले, त्यांच्या गावी पुण्याने निदान दोन रात्री तरी मुक्काम करावा; आणि तोही, शक्यतो, वाडीतल्या घरगुती निवासात. कारण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रोठा सुपारीच्या ज्या वाड्या आडव्या केल्या, तेथे नवे रोप फळाला येईपर्यंत वर्षे जातात, आणि तोवर पाहुण्याच्या खोलीचे भाडे हा बागायतदाराचा मोठा आधार असतो. अंगणात वाळत घातलेली केशरी सालीची सुपारी पायदळी जाऊ नये, एवढे भान मात्र पाहुण्याने ठेवावे. मोटार वाडीबाहेरच उभी करावी. ती पुळणीवर पळविण्याची हौस तर पोलिसी बंदोबस्ताची वाट न पाहता सोडून द्यावी.