चुकण्यापुरते कापड

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असे सुचविले आहे. आमच्या पालकांचा याला विरोध नाही. त्यांचा प्रश्न एकच असतो, मुलाने घरी काय करून आणले? वाकडीतिकडी पिशवी पाहिली की त्यांचे तोंड उतरते. मग प्रदर्शनासाठी आईच रात्री बसून दुसरी शिवून देते. (हे आम्हांस ओळखू येते, बरे का!)

आमचे म्हणणे असे, की ती वाकडी पिशवीच प्रदर्शनात ठेवावी. आपल्या इंदूरात कोणताही शिंपी नव्या पोराला पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचे कापड कापू देत नाही. आधी काज-बटण, तुरपाई, मग जुन्या वर्तमानपत्रावर कटिंग. कागद चुकला तर रद्दी गेली. पण शिवणीसाठी जास्तीचे कापड सोडले नाही तर माप कमी पडते, हे त्या पोराच्या पक्के ध्यानात राहते. हिशेबाचेही तेच. टॅलीमध्ये सरावासाठी एक काल्पनिक कंपनी उघडता येते. तेथे जमा-नावे उलटे पडले तरी कोणाचा पैसा बुडत नाही. रोकड उणे दिसू लागते आणि चूक कुठे झाली ते शिकणाऱ्यालाच शोधावे लागते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, त्यात याला 'करके सीखना' म्हणत.

मात्र चुकू द्यावे म्हणजे वाटेल ते करू द्यावे, असे नव्हे. दीड व्होल्टच्या दोन सेलवर एलईडी उलटा जोडला तर तो पेटत नाही, इतकेच. घरच्या २३० व्होल्टवर असा प्रयोग मुळीच चालणार नाही. कोणती चूक स्वस्त आणि कोणती महाग, हे आधी मोठ्यांनीच ठरवायला हवे.

पुढील सत्रापासून वस्तूच्या सफाईपेक्षा, काय चुकले आणि दुसऱ्या खेपेस काय बदलले, हे मुलाने स्वतः लिहून आणल्यास त्याला अधिक गुण मिळतील.

विश्वस्त मंडळासही एक विनंती आहे. कार्यानुभवाच्या खर्चात 'वाया जाणारे सामान' असे वेगळे खाते असावे. आज शिक्षिकेला एकेक मीटरचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून कापड त्या स्वतःच कापतात आणि कात्री मुलांच्या हाती येतच नाही. दर वर्गाला चार-पाच मीटर जास्तीचा मांजरपाट मिळाला, तरी पुष्कळ काम होईल.