दुपारी दोन वाजता आपल्या गल्लीतून चालून पाहा

उन्हाळा तोंडावर आला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात राहणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. यंदा कूलर किंवा एसी घेण्याआधी आपण राहतो ती वस्ती एकदा तपासा. घर तापतं ते एकटं तापत नाही. गल्ली तापते, म्हणून घर तापतं.

म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडच्या पत्र्याच्या खोल्या आठवा. रात्रपाळी संपवून कामगार सकाळी खोलीवर येतो आणि त्याची झोपायची वेळ होते तोवर पत्रा तापायला लागतो. दाराला ओली चादर लावायची, पत्र्यावर पोती टाकून पाणी मारायचं, हे त्याचे उपाय. एवढं करूनही धड झोप होत नाही आणि तेच हात रात्री पुन्हा प्रेस मशिनवर जातात. वस्ती कशी बांधली, याची किंमत तो रोज मोजतो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

हे असंच असायला हवं असं मुळीच नाही. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यानेच वसवलेल्या निगडी प्राधिकरणाच्या जुन्या पेठांत आजही दुतर्फा झाडांखालून भर दुपारी चालता येतं. काही किलोमीटरवर काळेवाडी, थेरगावच्या दाट गल्ल्यांत भिंतीला भिंत लागली आहे. वारा शिरायला फट नाही आणि झाड लावायला हातभर माती नाही. ऊन दोन्हीकडे एकच आहे.

मोठ्या गृहप्रकल्पांना ‘ग्रिहा’, ‘आयजीबीसी’ची हरित मानांकनं मिळतात, प्रवेशद्वारावर पाटी लागते. चांगलंच आहे. पण बहुतेक वेळा ती परीक्षा कुंपणाच्या आतली असते. बाहेरच्या रस्त्याला आणि बसथांब्याला गुण कोण देणार? राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ४,००० चौरस मीटर म्हणजे जेमतेम चाळीस गुंठे. तीच जमीन मंजूर आराखड्याशिवाय गुंठा-गुंठा करून विकली की ती मोकळी जागा कुणीच सोडत नाही. चाळीस घरं उभी राहतात आणि मुलांना खेळायला रस्ता उरतो.

म्हणून वस्तीची तपासणी आपणच करायची आहे. घरापासून बसथांब्यापर्यंत किती पावलं सावलीतून पडतात, ते मोजा. सोसायटीच्या आवारात बादलीभर पाणी ओता. ते मुरलं की पेव्हर ब्लॉकवरून गटारात गेलं, बघा. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी मिळतं आहे, आणि आपण पावसाचं पाणी नाल्यात सोडून टँकर मागवतो. रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. ती अजून गरम असेल तर रात्रभर तीच उष्णता खोलीत येणार. झाडांच्या बुंध्याशी सिमेंट गच्च बसलेलं असेल तर त्याचा फोटो काढा. ज्येष्ठांनी दुपारी बाहेर पडू नये. हे काम तरुणांनी करावं, सोबत पाणी ठेवावं.

लगेच करता येण्याजोगंही पुष्कळ आहे. अहमदाबादने २०१० ची जीवघेणी उष्णतेची लाट सोसली आणि २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांची छतं पांढरी रंगवली गेली. चाकणमधल्या खोल्यांच्या मालकांनो, पावसाआधी पत्र्यावर पांढरा रंग मारून घ्या. भाडं तुम्ही घेता, तेव्हा हा खर्चही तुमचाच आहे. सोसायटीच्या कमिट्यांनी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढावेत आणि जूनच्या आत शोषखड्डे साफ करावेत.

महानगरपालिकेला दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो. आपल्या प्रभागातली सावली, मोकळी माती आणि रात्रीचा उकाडा यांची वेगळी नोंद त्यात हवी, असा अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयात आताच द्या आणि पोच घ्या. चाकण परिसरातल्यांनी नगरपरिषदेत, ग्रामसभेत हा विषय मांडावा. नवीन प्लॉटिंगला हरकत घ्यायची असेल तर पहिली वीट बसण्याआधी घ्या.

या रविवारी दुपारी दोन वाजता वही-पेन घेऊन आपल्याच गेटपासून सुरुवात करा. शेजारच्या इमारतीतल्या दोघांना आजच फोन करून ठेवा.