आंबट म्हणजे निर्धोक नव्हे

सोलापूर-पुणे रस्त्यावरील चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या कुटुंबांत एक व्यवस्था मला वारंवार आढळते. मुलगा आणि सून सकाळी डबे घेऊन बाहेर पडतात. घरी आजींसाठी दहीभात, शेंगाचटणी आणि भाकरी ओट्यावर झाकून ठेवलेली असते. आजी जेवतात दुपारी दोनला. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. तरीही ‘दही कालवलंय, काही होत नाही’ असा साऱ्यांचा विश्वास असतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

आंबटपणा बहुतेक जंतूंची वाढ रोखतो हे खरे. परंतु वाढ थांबणे निराळे आणि जंतू मरणे निराळे. सौम्य आम्लात काही काळ राहिलेले साल्मोनेला जंतू संरक्षक प्रथिने तयार करतात आणि एरवी ज्या तीव्र आम्लात ते मेले असते, त्यातही मग तग धरतात. अन्नातला आंबटपणा जणू त्यांची तालीमच करून घेतो. ई. कोलायची युक्ती याहून चतुर आहे. पेशीत आम्ल शिरू लागले की तो अन्नातलेच ग्लुटामेट आत ओढतो, त्यावर आम्लाचा कण खर्ची घालतो आणि उरलेला पदार्थ बाहेर टाकतो. गळक्या नावेतून पाणी उपसावे तसा. सफरचंदाचा रस आम्लधर्मीच असतो. पण १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या अशा रसातून ई. कोलायच्या एका घातक जातीची बाधा पसरली आणि एक बालक दगावले.

कोरडेपणाचेही तसेच. आपली शेंगाचटणी टिकते, कारण तिच्यात जंतूंना वाढण्यापुरते पाणी नसते. मात्र भाजलेल्या दाण्यांना नंतर साल्मोनेलाचा संसर्ग झाला, तर ते जंतू महिनोन् महिने निपचित जिवंत राहू शकतात. २००८-०९ मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याच्या पदार्थांतून सातशेहून अधिक लोक आजारी पडले, नऊ जण गेले. म्हणून चटणीत ओला चमचा नको, आणि पाणी घालून कालवलेली चटणी तासन् तास ठेवणे नको.

भाताची गोष्ट आणखी वेगळी. तांदळातील बॅसिलस सेरियस जंतूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष सोडतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा उघडा राहिलेला भात सकाळी दह्यात कालवला, तर दही तिथे उशिरा पोहोचलेले असते.

इतके अडथळे ओलांडून आलेल्या जंतूंना शेवटी जठरातील आम्ल अडवते. आपल्याकडे ज्येष्ठांचा हा दरवाजा पुष्कळदा किलकिला असतो, कारण पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी वर्षानुवर्षे चालू असते. कुणी, कशासाठी सुरू केली, हेही घरात आठवत नाही! पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढे अवश्य विचारावे. परंतु गोळी परस्पर बंद करू नये. रक्त पातळ करणाऱ्या किंवा सांधेदुखीच्या औषधांसोबत तीच जठरातील रक्तस्राव टाळत असते.

आजींच्या डब्यापुरते सांगायचे तर भात पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दही जेवतेवेळीच कालवावे. वरण-भाजी वाफाळेपर्यंत गरम करावी. आजींना गॅस पेटवणे जमत नसेल, तर सकाळीच उकळते वरण चांगल्या थर्मासमध्ये भरावे. चाळिशीच्या उन्हाळ्यात शिजवलेले अन्न बाहेर तासाभराहून अधिक ठेवू नये.

तरीही जुलाब लागले, तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे आणि घोटघोट पाजावे. वृद्धांना तहान कमी लागते, तेव्हा ‘मागितले नाही’ म्हणून थांबू नये. लघवी जास्त करवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. शौचातून रक्त, ताप, सहा तास लघवी न होणे किंवा बोलण्यात असंबद्धता, यांपैकी काहीही दिसले की पाळी संपण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि जुलाब थांबवणारी गोळी वाटेत देऊ नये.